एकाचे दोन, दोनाचे एक

मे महिन्यात एका वलीम्याच्या निमित्ताने आम्ही लातूरहून नांदेडला गेलो होतो. अहमदपूर, लोहा करीत एस.टी. पोहोचली तेव्हा दुपार कलली होती. बहिणीच्या घरी हातपाय धुऊन बसतो न बसतो तोच भाचा मोबाइल घेऊन समोर आला. पोरगा बारावीची परीक्षा देऊन नुकताच मोकळा झालेला. एरवी हसतमुख, पण त्या दिवशी चेहरा उतरलेला.

"मामू, तुम्हीच सांगा. आमच्या कॉलनीत मैदान आहे की नाही?"

"आहे की. मागच्या खेपेला तिथेच तर आपण फिरायला गेलो होतो."

"मग हे लोक म्हणतात, नाही. म्हणतात, ही दुसऱ्याच मैदानाची नक्कल आहे!"

आम्हाला आधी वाटले, महापालिकेची काही नोटीस आली असावी. चौकशी केली तर प्रकरण मोबाइलमधल्या खेळाचे निघाले. बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाईजान, तीन दिवसांपासून घरात हेच चाललंय. जेवणावर लक्ष नाही, झोप नाही. तुम्हीच समजवा त्याला."

खरे सांगायचे तर आम्हाला हसू येत होते. पण पोराच्या डोळ्यांत पाणी होते, म्हणून आम्ही नीट ऐकून घेतले. ऐकले ते बरे झाले. वरवर पोरखेळ वाटणाऱ्या त्या भांडणात मोठ्या माणसांच्या भांडणातले सगळे काही होते. हक्क होता, पुरावा होता, गवाही होती आणि खोटे बोलण्याचा मोहही होता.

ज्यांच्या घरात हे खेळ नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. काही मोबाइल खेळ घरात बसून खेळता येत नाहीत. फोनला आपण कुठे उभे आहोत हे उपग्रहावरून कळते आणि पडद्यावर आपल्याच गावाचा नकाशा दिसतो. नकाशावर जागोजागी ठिकाणे मांडलेली असतात. एखादा पुतळा, जुनी वेस, वाचनालय, बाग, लेकरांचे मैदान. खेळणाऱ्याने तिथपर्यंत चालत जायचे, तेव्हा खेळात काही मिळते. नायंटिक या अमेरिकन कंपनीने २०१२ साली 'इन्ग्रेस' नावाचा असा खेळ काढला. त्यात जगभरच्या खेळाडूंनी आपापल्या गावातली ठिकाणे सुचवली. तीच ठिकाणे पुढे २०१६ साली आलेल्या 'पोकेमॉन गो'मध्ये वापरली गेली. त्याच वर्षी डिसेंबरात तो खेळ रिलायन्स जिओच्या साथीने भारतात आला. आता अशा खेळांची रांगच लागली आहे. भाचा यातला कोणता खेळतो, याला या गोष्टीत महत्त्व नाही.

महत्त्व आहे ते या नकाशावर नवे ठिकाण कसे चढते याला. कंपनीचा माणूस काही नांदेडला येऊन मैदान पाहत नाही. 'पोकेमॉन गो'च्या बाबतीत 'वेफेअरर' नावाची व्यवस्था आहे. खेळाडूने ठिकाणाचा फोटो काढायचा, आजूबाजूचा परिसर दिसेल असा दुसरा फोटो जोडायचा, नाव आणि माहिती लिहायची आणि नकाशावर नेमकी जागा दाखवायची. मग दुसरे खेळाडू तो अर्ज तपासतात. ते कुठलेही असू शकतात. ठिकाण खरे आहे का, तिथे पायी जाता येते का, ते कुणाच्या खासगी घरात तर नाही ना, हे ते पाहतात. आणखी एक गोष्ट पाहतात : हे ठिकाण आधीच नकाशावर आहे का? असेल तर ते 'दुबार' ठरते आणि अर्ज नामंजूर होतो. नामंजुरी चुकीची वाटली तर अपील करता येते, पण अपिले मोजकीच मिळतात. थोडक्यात, अर्ज, पंच आणि अपील. आपल्या कोर्टकचेरीसारखाच मामला.

भाच्याच्या कॉलनीचे मैदान असेच दुबार ठरले होते.

असरनंतर ऊन उतरले तसे आम्ही त्याला म्हणालो, "चल, दाखव तुझे मैदान." पाच मिनिटांच्या चालीवर पोहोचलो. एक घसरगुंडी, दोन झोके, एक सी-सॉ आणि कडेला व्यायामाची लोखंडी यंत्रे. लेकरांचा नुसता गलका चालला होता. मग भाचा आम्हाला रस्ता ओलांडून पलीकडे घेऊन गेला. तिथे दुसरे मैदान! तीच घसरगुंडी, तोच पिवळा-निळा रंग, तसेच झोके, तशीच यंत्रे. दोन्हींच्या मध्ये एक रस्ता आणि कमरेएवढी भिंत. पलीकडचे मैदान नकाशावर आधीपासून होते. अलीकडचे चढवायला गेला तर पंचांनी सांगितले, हे तर तेच.

आम्ही त्याने पाठवलेला फोटो मागितला. पाहिला आणि म्हणालो, "बेटा, आम्ही पंच असतो तर आम्हीही नामंजूरच केले असते."

त्याला राग आला. पण फोटोत होते तरी काय? जवळून घेतलेली घसरगुंडी. मागे भिंत नाही, रस्ता नाही, पाटी नाही. तशीच घसरगुंडी पन्नास पावलांवर आधीच नोंदलेली. नावही काय दिले होते? 'चिल्ड्रन्स पार्क'. पलीकडच्या मैदानाचे नावही तेच! वर फोनने जागा दाखवण्यातही फरक पडतो. मोकळ्या आभाळाखाली चार-पाच मीटर इकडेतिकडे होते, इमारतींच्या गर्दीत त्याहून जास्त. दूर कुठेतरी बसलेल्या माणसाने कशावरून ओळखावे की ही मैदाने दोन आहेत? त्याने जे समोर होते त्यावर प्रामाणिकपणे निकाल दिला. चूक पंचाची नव्हती. आपली बाजू खरी आहे एवढ्यावर भागत नाही, ती खरी आहे हे समोरच्याला दिसले पाहिजे.

आता दोन मैदाने इतकी जवळ आणि इतकी सारखी का, हा प्रश्न आम्हालाही पडला. उत्तर सोपे आहे. नांदेड काय, लातूर काय, आपली शहरे गेल्या तीस-चाळीस वर्षांत लेआउट पडून वाढली. मोठ्या जमिनीचे लेआउट मंजूर होताना साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. हीच आपली 'ओपन स्पेस'. एका लेआउटची मोकळी जागा कडेला आली आणि शेजारच्या लेआउटचीही तिकडेच आली की दोन मैदाने समोरासमोर येतात. खेळणी तर आजकाल सगळीकडे एकाच साच्यातली. म्हणजे मैदाने जुळी दिसली तरी कागदावर दोन वेगळी. दोन लेआउट, दोन मंजुऱ्या, दोन मोकळ्या जागा.

हे कळल्यावर भाच्याचा चेहरा खुलला. "म्हणजे मी खरा होतो ना, मामू?"

"खरा होतास. आता ते दाखव."

पण घरी परततो तोवर त्याच्या दोस्तांनी वेगळाच रस्ता काढून ठेवला होता. एकाने सांगितले, जागेची खूण साठ-सत्तर मीटर सरकव, म्हणजे जवळचे ठिकाण दिसणारच नाही. दुसऱ्याने त्यावर कडी केली. म्हणाला, पलीकडचे मैदान आता अस्तित्वातच नाही अशी तक्रार कर. ते नकाशावरून उडाले की तुझे आपोआप मंजूर. भाचा आमच्याकडे पाहत म्हणाला, "मामू, काम तर खऱ्यासाठीच करायचं आहे. मग थोडं इकडेतिकडे केलं तर काय बिघडलं?"

वाचकहो, हा प्रश्न आपण मोठ्यांनीही कितीदा विचारला आहे! वाटणीच्या वेळी, बांधाच्या मोजणीच्या वेळी, रेशनकार्डावर नाव चढवताना. हक्क आपलाच आहे, मग एक कागद खोटा लावला तर काय झाले? आम्ही त्याला एवढेच म्हणालो, "तुझे मैदान खरे आहे. त्याची जागा खोटी सांगितलीस तर तुझा अर्ज खोटा होतो. मग पंचांनी नाकारला तर तुला बोलायला तोंड राहणार नाही. आणि पलीकडच्या लेकरांचे मैदान पुसून तुझे मांडायचे, हा कुठला इन्साफ?"

तो गप्प बसला. आम्हाला वाटले, पटले. पण त्याच्या गप्प बसण्याचे कारण वेगळेच होते. रात्री जेवणे झाल्यावर गच्चीवर येऊन तो हळूच म्हणाला, "मामू, एक सांगू? लातूरला मी उलटं केलंय."

आमच्या लातूरच्या घरामागे मोहल्ल्याचे एक लहानसे मैदान आहे. ते नकाशावर कधीचेच चढलेले. मागच्या दिवाळीच्या सुटीत हे महाशय नानीकडे आले होते. त्यांनी त्याच मैदानाचा मागच्या बाजूने फोटो काढला, दुसरे नाव दिले आणि खूण सरकवली थेट नानीच्या ओट्याजवळ! ते मंजूरही झाले. तेव्हापासून नानीकडे आला की ओट्यावर बसल्याबसल्या त्याचे काम होते, उठून मैदानापर्यंत जायची गरज नाही.

म्हणजे पाहा. नांदेडात दोन मैदानांना एक ठरवले म्हणून डोळ्यांत पाणी. आणि लातुरात एका मैदानाची दोन करून हा स्वतः मोकळा. नांदेडच्या पंचांना तो तीन दिवस बोल लावत होता, आणि लातूरच्या पंचांना त्याने स्वतःच फसवले होते.

त्या रात्री आम्ही त्याला लातूरच्याच दोन गोष्टी सांगितल्या. पहिली गंजगोलाईची. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला आणि मधली दुमजली गोल इमारत १९१७ साली उभी राहिली. तिथे सोळा रस्ते येऊन मिळतात. प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी उभे राहून पाहिले तर गोलाई वेगळी दिसते. कुठून सराफा दिसतो, कुठून मिरची-गुळाची दुकाने. पण म्हणून सोळा गोलाया होत नाहीत. सोळा बाजूंनी सोळा फोटो काढले तरी गोलाई एकच.

दुसरी गोष्ट किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसे गेली. बावन्न गावे उद्ध्वस्त झाली. गावे नव्या जागी वसवली गेली, पण नावे तीच राहिली. म्हणून आज जुने किल्लारी आहे आणि नवे किल्लारीही आहे. नकाशा पाहणारा परका माणूस म्हणेल, एकाच नावाच्या दोन जागा? एक पुसून टाका. पण ज्याची माणसे जुन्या जागेत गेली आणि जो आज नव्या जागेत राहतो, त्याला विचारा. तो सांगेल, दोन्ही खऱ्या आहेत.

बाजू सोळा, पण जागा एक. नाव एक, पण जागा दोन. मग ठरवायचे कसे? फोटोवरून नाही, नावावरून नाही आणि आपल्या सोयीवरून तर मुळीच नाही. ज्याने आपल्या पायांनी चालून जागा पाहिली आहे, त्याच्या खऱ्या गवाहीवरून. दूरच्या पंचाला डोळे आपणच द्यायचे असतात. ते डोळे आपणच खोटे दिले तर त्याने करावे तरी काय?

भाचा म्हणाला, "पण मामू, आखिर खेळच आहे ना हा?"

खेळ आहे, पण नकाशा नुसता खेळाचा राहत नाही. 'पोकेमॉन गो'ने २०१७च्या डिसेंबरात आपला पायाभूत नकाशा बदलला आणि 'ओपनस्ट्रीटमॅप' वापरायला घेतला. हा नकाशा जगभरच्या सामान्य माणसांनी फुकट मेहनत करून तयार केलेला, कुणालाही वापरता येणारा. २०१० साली हैतीमध्ये भूकंप झाला तेव्हा स्वयंसेवकांनी याच नकाशावर रस्ते आणि वस्त्या भरल्या, आणि मदतपथकांना त्याचा उपयोग झाला. आता खेळात फायदा व्हावा म्हणून काही खेळाडू त्याच नकाशावर नसलेल्या बागा आणि नसलेल्या पायवाटा काढू लागले. इतरांना त्या शोधून पुसत बसावे लागले. खेळासाठी काढलेली खोटी बाग मदतीच्या गाडीलाही दिसते. किल्लारीसारखी एखादी पहाट पुन्हा आली, अल्लाह न करो, तर तिथे धावून येणाऱ्याला खरी पायवाट हवी असते. सार्वजनिक नकाशा ही सगळ्यांची अमानत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फजरनंतर तो स्वतःच उठवायला आला. आम्ही दोघे पुन्हा मैदानावर गेलो. लेकरे नव्हती, म्हणून फोटोत कुणाचा चेहरा येण्याची भीती नव्हती. एका फोटोत त्याने दोन्ही मैदाने, मधला रस्ता आणि भिंत, सगळे एकत्र घेतले. कुठे कुठले फाटक आहे ते लिहिले. पलीकडचे मैदान खरे आहे आणि ते तसेच राहावे, हेही अपिलात आवर्जून लिहायला आम्ही सांगितले. रागाचा एकही शब्द नाही, पंचांना दोष नाही. पाच-सहा ओळी, बस्स.

मग तो अडला नावापाशी. मैदानाला नावच नव्हते! ना पाटी, ना फलक. कॉलनीतले कुणी 'ओपन स्पेस' म्हणायचे, कुणी 'टाकीजवळचं ग्राउंड'. आम्ही आजूबाजूला नीट पाहिले आणि मन चरकले. एका कोपऱ्यात कुणाच्या बांधकामाची वाळू आणि विटा पडल्या होत्या. दुसऱ्या कोपऱ्यात दोन गाड्या कायमच्या लागलेल्या, टायरखाली गवत उगवलेले. ज्या मैदानाला नाव नसते, ते हळूहळू कुणाचे तरी होऊन बसते. मोबाइलच्या नकाशावर ते हरवले म्हणून एक पोरगा रडला. जमिनीवरून हरवत होते, तिकडे मात्र कुणाचे लक्ष नव्हते. आमचेही नव्हते. मागच्या खेपेला त्याच विटांना वळसा घालून आम्ही फेऱ्या मारल्या होत्या.

संध्याकाळी बहिणीचे मियाँ आणि कॉलनीतली चार जाणती माणसे बसली. पलीकडच्या लेआउटचे दोन सद्गृहस्थही आले. एकाने जपून ठेवलेली मंजूर लेआउटची प्रत काढली. त्यात दोन्ही मोकळ्या जागा स्वच्छ दाखवलेल्या होत्या, मोजमापासह. ज्यांच्याकडे अशी प्रत नसेल त्यांनी महापालिकेच्या नगररचना विभागात चौकशी करावी. २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो. बैठकीत ठरले की दोन्ही मैदानांना नावे द्यायची आणि वर्गणी काढून फाटकाशी पाट्या लावायच्या. विटावाला शेजारी तिथेच होता. कुणी त्याला काही बोलले नाही. तो आपणहून म्हणाला, "जुम्म्यापर्यंत उचलतो."

आता हिशेब लातूरचा. भाच्याला आम्ही काही म्हणालो नाही. परतीच्या एस.टी.त बसवायला आला तेव्हा त्याने फोन पुढे केला. ओट्याजवळची ती दुसरी खूण दुबार आहे, चूक आपली आहे, असे त्याने स्वतःच कळवले होते. "आता नानीकडं आलो की मैदानापर्यंत चालावं लागेल," तो तोंड वाकडे करून म्हणाला.

"नानीलाही सोबत घेऊन जा," आम्ही म्हणालो. "तिला डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितलंय. कुणी सोबतीला नाही म्हणून ती जात नाही."

घरोघरच्या आई-बापांना या निमित्ताने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. लेकरू असा खेळ खेळत असेल तर एकदा त्याच्याबरोबर चालून पाहा. रस्ता ओलांडताना फोन खिशात, लोकांच्या दारात शिरायचे नाही, खेळणाऱ्या लेकरांचे आणि बायाबापड्यांचे फोटो घ्यायचे नाहीत, आणि खेळात पैसे भरायचे तर आधी घरी विचारायचे. हे नियम ओरडून नाही, सोबत चालून शिकवता येतात. दुसरे असे की, लेकराचे भांडण लहान म्हणून उडवून लावू नका. खरे बोलून हरायचे की खोटे बोलून जिंकायचे, हा प्रश्न त्याच्यासमोर पहिल्यांदा एखाद्या घसरगुंडीपाशीच येतो. तिथे जे उत्तर तो शिकतो, तेच पुढे तलाठ्याच्या कचेरीत आणि वाटणीच्या बैठकीत घेऊन जातो.

अपिलाचा निकाल हे लिहीपर्यंत आलेला नाही. फाटकावर पाटी मात्र लागली आहे. भाच्याने फोटो पाठवला आहे. फोटोत पाटी आहे, मागे रस्ता आहे, पलीकडच्या मैदानाची पाटीही दिसते आहे. ज्या कोपऱ्यात विटा होत्या, तिथे आता कुणीतरी क्रिकेटचे तीन दांडके रोवले आहेत.